संसार सांभाळून शिकलेले बाबासाहेब

आपल्या वस्तीत असे एकही घर नाही, की जिथे भिंतीवर परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर नाही. त्यांच्या पदव्याही आपल्या लेकरांना तोंडपाठ असतात. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. भीमजयंतीच्या कार्यक्रमात शाळकरी मुलगी एका दमात ही यादी म्हणून दाखवते आणि आपण सगळे टाळ्या वाजवतो. ते योग्यच आहे. पण यादी अशी एका दमात म्हटली, की बाबासाहेब भराभर जिने चढत वर गेले असे वाटायला लागते. तसे झाले नाही. जिना मध्येच तुटला होता. तीन वर्षे ते मुंबईत पोटापाण्याच्या मागे होते, घरात बायको-मूल होते, डोक्यावर कर्ज झाले होते, आणि लंडनचा अभ्यास अर्धा पडला होता.

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत बाबासाहेबांच्या चरित्रातला नेमका हाच भाग सांगावा, असे आम्ही ठरवले. कारण आपल्या वस्तीत आज अर्धवट शिक्षण सोडलेली माणसे पुष्कळ आहेत. कोणी वडील वारले म्हणून आय.टी.आय. सोडली, कोणी लग्न झाले म्हणून कॉलेज सोडले, कोणी नोकरी लागली म्हणून परीक्षा दिलीच नाही. आता आमचे वय झाले, आता कुठे शिकता, असे ती म्हणतात. त्यांनी हे चरित्र जरा निवांत बसून वाचावे.

डबक चाळीतली खोली

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात शिक्षक होते. आई भीमाबाई यांचे हे चौदावे अपत्य. पुढे कुटुंब साताऱ्याला आले आणि तिथे आईचे छत्र हरपले. तेव्हा भीमराव अगदी लहान होते.

सुभेदार निवृत्त झालेले, पेन्शन तुटपुंजी, पण मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी मुंबईचा रस्ता धरला. परळच्या डबक चाळीत एकच खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच जाते, त्यातच बांधलेली शेळी, आणि त्यातच भीमरावांचा अभ्यास. दिवसभर चाळीचा गोंगाट. मग बापलेकांनी एक युक्ती काढली. भीमराव रात्री लवकर निजत. सुभेदार जागे राहत आणि रात्री दोनच्या सुमारास मुलाला उठवून स्वतः त्या जागी झोपत. उरलेल्या रात्री खोली शांत असे. तेवढ्यात अभ्यास.

ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती मेहनतीचे उदाहरण म्हणून. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. घरातल्या माणसाने स्वतःची झोप मोडून दुसऱ्याला अभ्यासाची वेळ करून दिली. पुढे बाबासाहेबांच्या आयुष्यात हेच पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

१९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले ते याच वेळी. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१२ मध्ये ते बी.ए.ची परीक्षा पास झाले. दरम्यान रमाबाईंशी त्यांचे लग्न झाले होते. १२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला.

बाविसाव्या वर्षी घरचा कर्ता

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. पुरता महिनाही झाला नाही तोच वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. ज्याने रात्री जागून शिकवले तो बापच गेला. मागे राहिली तरुण बायको, दीड महिन्याचे मूल आणि चाळीतले बिऱ्हाड. वडिलांची पेन्शन बंद झाली.

आता सांगा, आपल्यापैकी कोणीही अशा वेळी काय केले असते? नोकरी धरून बसलो असतो. आणि तसे केल्याबद्दल कोणी दोषही दिला नसता. पण सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवणार होते. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी, असा करार होता. जून १९१३ मध्ये भीमरावांनी त्यावर सही केली आणि जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. वय वर्षे बावीस.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही असे म्हणतात, पण आमच्या मते त्यांनी घड्याळाकडेच पाहिले. वेळ मोजका आहे, पैसा मोजका आहे आणि पुन्हा संधी येईलच याचा भरवसा नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या साडेअकरा पौंडांतूनच ते घरी पैसे पाठवत. उरलेल्यात स्वतःचे जेवण आणि जुनी पुस्तके. १९१५ साली एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातिसंस्थेवरचा आपला निबंध त्यांनी वाचला. त्याच वर्षी पीएच.डी.चा प्रबंधही सादर केला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्या हाताखाली त्यांचे विचार तयार झाले. तिथेच नवल भथेना नावाचा एक पारशी मित्र मिळाला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

लंडनचा अर्धा डाव

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला आले. एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी. बॅरिस्टर व्हायचे तर त्या काळी नुसती परीक्षा देऊन भागत नसे. त्या संस्थेच्या भोजनगृहात ठरावीक वेळा जेवायला हजर राहून टर्मा भराव्या लागत. म्हणजे अभ्यास घरी करता आला तरी टर्मा लंडनमध्ये राहूनच पुऱ्या कराव्या लागणार.

एक वर्षही झाले नाही आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. बडोद्याने परत बोलावले. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. प्रबंध अर्धा, टर्मा अर्ध्या, खिसा रिकामा.

इथे बाबासाहेबांनी जे केले ते आमच्या लेखी फार मोठे आहे, पण त्याचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. ते चरफडत गाशा गुंडाळून निघाले नाहीत. निघण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडे रीतसर परवानगी मागितली. प्राध्यापक एडविन कॅनन यांनी शिफारस केली आणि ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी सवलत त्यांना मिळाली. जावे तर लागणारच होते, पण परतीचे दार त्यांनी उघडे ठेवून घेतले. पुढची सगळी कथा त्या उघड्या दाराची आहे.

२१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला पोहोचले. त्यांचे सामान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. त्या सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली, तीच बडोद्याला जाण्याच्या खर्चाला आणि घरखर्चाला उपयोगी पडली.

बडोद्याचे अकरा दिवस

बडोद्याची हकिकत आपल्याला ठाऊक आहे. परदेशातून एवढा शिकून आलेला माणूस, महाराजांचा लष्करी सचिव म्हणून नेमलेला, पण कचेरीतले शिपाई फायली त्याच्या टेबलावर लांबून फेकत. पिण्याचे पाणी मिळत नसे. गावात राहायला कोणी खोली देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. तेही उघड झाले आणि काठ्या घेतलेली माणसे दारात येऊन उभी राहिली. त्यांच्याकडे काही तासांची मुदत मागून बाबासाहेब बाहेर पडले. दुसरीकडे कुठेच आसरा मिळाला नाही. २३ सप्टेंबर १९१७ रोजी बडोद्याच्या बागेत एका झाडाखाली बसून त्यांनी डोळ्यांतले पाणी वाहू दिले आणि समाजाच्या मुक्तीचा संकल्प केला. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

आपण या प्रसंगाकडे संकल्प म्हणून पाहतो. तो आहेच. पण जरा प्रपंचाच्या अंगानेही पाहा. हातची नोकरी गेली. दहा वर्षांच्या कराराचे काय, हा प्रश्न डोक्यावर. मुंबईत बायको-मूल वाट पाहत आहे. आणि लंडनच्या चार वर्षांची मुदत तर अजून सुरूही व्हायची होती.

मुंबईतली तीन वर्षे

मुंबईला परतल्यावर बाबासाहेबांनी मिळेल ते काम केले. शिकवण्या घेतल्या. शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. गिऱ्हाईक यायला लागले, मग सल्ला देणारा कोण आहे हे कळले आणि गिऱ्हाईक बंद झाले. परदेशी पदव्या होत्या, पण जात आडवी येत होती.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. इथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी प्यायला काहींनी हरकत घेतली. मात्र वर्गात त्यांचे व्याख्यान ऐकायला दुसऱ्या कॉलेजची मुले येऊन बसत.

साडेचारशे रुपये हातात आल्यावर माणसाचे राहणीमान बदलते. निदान खोली तरी मोठी घेतो. बाबासाहेब परळच्या पोयबावाडीतील बी.आय.टी. चाळीतच राहिले. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हातात द्यायची आणि बाकीचे लंडनसाठी बाजूला टाकायचे, असा नियम केला. प्राध्यापकाची बायको आणि चाळीतली काटकसर! लोकांना नवल वाटत असेल. पण ही काटकसर कशासाठी आहे हे नवरा-बायको दोघांना माहीत होते.

आणि या तीन वर्षांत ते केवळ पैसे जमवत बसले होते काय? नाही. १९१९ च्या जानेवारीत त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या मदतीने मूकनायक सुरू केले. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि हा तरुण या समाजाचा पुढारी होईल, असा विश्वास शाहू महाराजांनी जाहीरपणे व्यक्त केला. म्हणजे नोकरी आहे, घर आहे, समाजकार्य आहे, वर्तमानपत्र आहे. थांबायला एवढी कारणे पुरेशी होती. समाजाला माझी गरज आहे, आता लंडन कशाला, असे म्हणता आले असते. त्यांनी तसे म्हटले नाही. चार वर्षांची मुदत त्यांच्या मनात सारखी वाजत होती.

मार्च १९२० मध्ये त्यांनी सिडनहॅमची नोकरी सोडली. साठवलेले पैसे होते, शाहू महाराजांनी मदत केली, आणि न्यूयॉर्कचा तो मित्र नवल भथेना याने पाच हजार रुपये कर्ज दिले. बडोद्याला पारशी धर्मशाळेच्या दारात काठ्या घेऊन माणसे उभी होती आणि मुंबईचा एक पारशी मित्र पाच हजार मोजून देत होता. माणसे सगळीकडे दोन्ही तऱ्हेची असतात. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब बोटीत चढले. मुदत संपायला सव्वा वर्ष बाकी होते.

मागे राहिलेली रमाई

आता ज्या माऊलीवाचून हे चरित्र अपुरे आहे, तिच्याबद्दल बोलायला हवे.

रमाबाई मूळच्या दापोलीजवळच्या वणंद गावच्या. लहानपणीच आईबाप गेले. लग्न झाले तेव्हा त्या अगदी पोरवयाच्या होत्या. नवरा चार वर्षे परदेशी गेला, आला, आणि तीन वर्षांनी पुन्हा गेला. चाळीतले बिऱ्हाड त्यांनी रेटले. त्यांनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, उपास काढले, पण नवऱ्याला पत्रातून त्रास कळू दिला नाही, असे आपल्या आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी पाच मुले त्यांना झाली. त्यांपैकी एकटे यशवंतराव वाढले. बाकी चारही लेकरे त्यांनी आपल्या हातांतून जाताना पाहिली. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्याही आत होते.

आम्ही हे मुद्दाम उघडपणे लिहीत आहोत. बाबासाहेबांच्या पदव्यांची किंमत कोणी मोजली, तर ती दोघांनी मोजली. स्वतः बाबासाहेबांनी हे कधी झाकले नाही. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला आणि आपल्या हलाखीच्या दिवसांतल्या तिच्या सोशिकपणाची त्यात नोंद करून ठेवली. आपण मात्र रमाईंचा त्याग गाण्यात गातो आणि घरी आलो की विसरतो. शिकणारा माणूस एकटा शिकत नाही. त्याच्या वाट्याचे काम घरात कोणीतरी उचललेले असते, आणि ते कोणी उचलले हे विचारायला हवे.

लंडनमध्ये पुन्हा एकदा

१९२० च्या सप्टेंबरअखेर बाबासाहेब पुन्हा वर्गात बसले. वय एकोणतीस. इतर विद्यार्थी कोवळे, हे एका मुलाचे बाप, माजी प्राध्यापक आणि एका पाक्षिकाचे संस्थापक. प्राध्यापकी करून पुन्हा विद्यार्थी व्हायला मनाचा वेगळाच मोकळेपणा लागतो. आपल्याकडे तिशीच्या माणसाला वही घेऊन बसायची लाज वाटते. बाबासाहेबांना वाटली नाही.

राहायला स्वस्तातली खोली. सकाळी पावाचा पातळ तुकडा, थोडा मुरंबा आणि एक कप पेय. ते पोटात ढकलून आठच्या सुमारास ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाकडे निघायचे. सबंध दिवस तिथे. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत. रात्री उशिरापर्यंत वाचन चालू. दहाच्या सुमारास पोटात कावळे ओरडू लागत. ओळखीच्या एका गृहस्थाने पापडांचा गठ्ठा दिला होता. त्यातले चार पापड पत्र्यावर भाजायचे, कपभर दूध घ्यायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. असे दिवस एक-दोन नव्हे, अडीच वर्षांहून अधिक काढले.

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. प्रबंध होता ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या आर्थिक व्यवस्थेवर. उरलेल्या टर्मा भरल्या आणि १९२२ साली बॅरिस्टर म्हणून सनद मिळवण्यास ते पात्र ठरले. त्याच वर्षी मे महिन्यात तिकडे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे निधन झाले. आधार देणारा आणखी एक हात गेला. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी विद्यापीठाला सादर केला. अधिक अभ्यासासाठी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठापर्यंतही ते जाऊन आले.

प्रबंध परत आला

आणि मग मार्च १९२३ मध्ये प्रबंध परत आला. ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणावर त्यात केलेली टीका परीक्षकांना झोंबली होती. दुरुस्त करून पुन्हा पाठवा, असे सांगण्यात आले. इकडे पैसे संपले होते. लंडनमध्ये आणखी काही महिने काढणे शक्यच नव्हते.

एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परत आले, ते डी.एस्सी. न घेताच. आता पुन्हा तेच. घर, कर्ज, मिळकत नाही. वकिलीची सनद घ्यायला लागणारे पैसेही नव्हते. तेव्हाही नवल भथेनाच मदतीला आले. जुलैपासून हायकोर्टात वकिली सुरू झाली. पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे पक्षकार कोण येणार?

अशा परिस्थितीत, परळच्या चाळीत बसून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहून काढला. भाषा थोडी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. तो बोटीने लंडनला पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षअखेर तो प्रबंध ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. प्राध्यापक कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. दोनच वर्षांनी हिंदुस्थानच्या चलनाची चौकशी करायला शाही आयोग आला, तेव्हा त्याच्यापुढे साक्ष द्यायला बॅरिस्टर आंबेडकर हजर होते.

कोलंबियाच्या पीएच.डी.ची गोष्ट तर याहून लांबली. प्रबंध १९१६ साली मान्य झाला होता. पण छापील प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी मिळत नसे आणि छापायला पैसे नव्हते. ग्रंथ १९२५ मध्ये छापला गेला आणि पदवी हाती आली १९२७ साली. म्हणजे ११ वर्षे! शाळकरी मुलगी जो शब्द एका श्वासात म्हणते, त्यामागे एवढा काळ उभा आहे.

दुसऱ्यांसाठी वेळ काढून देणारा माणूस

आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते यापुढचे. जो स्वतः हाल सोसून शिकतो, तो पुष्कळदा म्हणतो, मी सोसले, तुम्हीही सोसा. बाबासाहेबांनी उलटे केले. आपल्याला जे मिळाले नाही ते पुढच्यांना मिळावे म्हणून ते झटले.

वकिली चालेना तेव्हा बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत १९२५ ते १९२८ त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. पुढे सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक आणि १९३५ पासून प्राचार्य झाले. १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. कारण चाळीतल्या खोलीत रात्री दोनला उठवणारा बाप प्रत्येकाला मिळत नाही, पण दिव्याखाली शांत बसायची जागा प्रत्येकाला हवी असते.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून त्यांनी सरकारकडून पैसा मंजूर करून घेतला. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारा १९४६ चा कायदा, त्याचे विधेयकही त्यांनीच मांडले होते. आपण याला कामगारांचा विसावा समजतो. पण सहा तास हातात आले म्हणजे वाचायला, शिकायला, रात्रशाळेत जायलाही सहा तास आले. वेळेची किंमत त्यांच्याइतकी कोणाला कळणार?

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्या मुलांना कामावर जाण्याआधी शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरत. कितीतरी कारकून, गिरणीतले आणि गोदीतले कामगार त्या वर्गांत बसून पदवीधर झाले. आपल्यातल्या जुन्या कुटुंबांत असे एखादे आजोबा नक्की सापडतील.

स्वतःचे शिकणे मात्र त्यांनी शेवटपर्यंत थांबवले नाही. मधुमेहाने शरीर पोखरले होते, तरी पाली भाषेचा अभ्यास चालू होता. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही दिल्लीच्या घरी भगवान बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथाची प्रस्तावना त्यांच्या हाताशी होती. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला.

आपण काय घ्यायचे?

उपासक-उपासिकांनो, बाबासाहेबांची बुद्धी आपल्याजवळ नाही, हे कबूल. तशी शतकात एखाद्यालाच असते. पण त्यांनी ज्या साध्या गोष्टी केल्या, त्या करायला तेवढी बुद्धी लागत नाही. अभ्यास सोडायची वेळ आली तर रागाने सोडू नये. परत यायची वाट आधी विचारून ठेवावी, कागद नीट जपावेत, मुदत कधीपर्यंत आहे हे लिहून ठेवावे. पगार सुरू झाला की त्यातला थोडा भाग शिक्षणाचा म्हणून वेगळा काढावा. मित्राकडे हात पसरायला लाजू नये, आणि मित्राने हात पसरला तर मागे घेऊ नये. काम परत आले, नापास झालो, तर पुन्हा लिहावे.

आज तर सोयी पुष्कळ आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. घर-नोकरी सांभाळून तिथून पदवी घेता येते. आय.टी.आय. आहेत, रात्रशाळा आहेत. अडते कुठे? बरेचदा घरातच अडते. सासूबाई म्हणतात, सुनेला आता परीक्षा कशाला? नवरा म्हणतो, पोरे कोण सांभाळणार? हेच लोक मे महिन्यात रमाईच्या स्मृतिदिनाला विहारात पहिल्या रांगेत बसतात!

म्हणून आमची एक सूचना आहे. विहाराचा हॉल वंदना आटोपल्यावर रात्री रिकामाच असतो. तिथे दोन-तीन तास दिवा चालू ठेवावा, चार टेबले मांडावीत. ज्यांच्या खोलीत जागा नाही त्यांनी येऊन बसावे, मग ते दहावीचे पोर असो की चाळिशीतली बाई. आणि त्या बाईच्या घरची भांडी त्या रात्री नवऱ्याने घासावीत. सुभेदारांनी मुलासाठी झोप मोडली, रमाईंनी नवऱ्यासाठी पोट मारले. आता पाळी आपली आहे, आणि आपल्याला तर फक्त भांडीच घासायची आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!